फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला रेड कार्ड कधी मिळतं?

२१ जून २०२३, बंगळुरू. सॅफ स्पर्धेत पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेणार, इतक्यात भारताचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी त्याच्या हातातला चेंडू उडवला. दोन्ही संघांत झटापट झाली आणि रेफरीने स्टिमॅक यांना थेट रेड कार्ड दाखवलं.

प्रशिक्षकांना कार्ड दाखवण्याची तरतूद नियमांत २०१९ मध्ये आली. त्याआधी रेफरी त्यांना तोंडीच बाहेर पाठवायचे. नेमकं काय झालं, हे प्रेक्षकांना अनेकदा कळायचंच नाही.

अर्थात, प्रत्येक वाद कार्डापर्यंत जात नाही. डगआउटवर नजर ठेवण्याचं काम मुख्यतः चौथ्या पंचाचं. किरकोळ नाराजी असेल तर ताकीद देऊन भागतं. पंचांना उद्देशून उपरोधाने टाळ्या वाजवल्या किंवा 'त्याला कार्ड द्या' असे सारखे हातवारे केले, की यलो. प्रतिस्पर्ध्याला खेळ सुरू करण्यापासून रोखलं, तर मात्र थेट रेड. स्टिमॅक यांची कृती यातच बसते.

बाकावरून कोण ओरडलं हे कळलं नाही, तर कार्ड तिथल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळतं. नियम कठोर वाटतो खरा, पण सहकाऱ्यांना गप्प बसवण्याची जबाबदारी आपोआप त्याच्यावर येते.

रेड कार्ड मिळालेल्या प्रशिक्षकाला डगआउट सोडावं लागतं, पुढे बंदीही येते. स्टिमॅक यांना त्याच स्पर्धेत कुवेतविरुद्ध पुन्हा रेड कार्ड मिळालं. त्यामुळे उपांत्य आणि अंतिम सामन्यात डगआउटची सूत्रं सहायक प्रशिक्षक, गोव्याचे महेश गवळी यांच्याकडे होती. दोन्ही सामने भारताने पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकले.