अकालजात अर्भक आणि मातेच्या भेटी : एका मोजमापाचा इतिहास

अकालजात अर्भकास जगविण्याची साधने प्रथम सिद्ध झाली. त्याची माता त्याला दुरावते, ही गोष्ट मागाहून ध्यानी आली. पॅरिस येथे स्तेफान तार्निए याने इ. स. १८८० च्या सुमारास उबपेटी प्रचारात आणली. त्याचा शिष्य पिएर ब्युदँ याने इ. स. १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक कटू अनुभव नमूद केला आहे : ज्या मातांना अर्भकाची शुश्रूषा करण्याचा प्रसंगच आला नाही, त्यांपैकी काहींनी त्याचा त्याग केला. जे दिसले ते त्याने लिहिले, आणि मातांनी रुग्णालयात येऊन अंगावर पाजावे असा आग्रह धरला.

पुढे संसर्गाच्या भयाने हे दार बंद झाले. पालकांनी काचेआडून पाहावे, इतकाच अधिकार उरला. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी मातांना अर्भककक्षात प्रवेश दिला असता संसर्ग वाढला नाही, असे इ. स. १९७० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या प्रघाताचा आधारच ढासळला.

इ. स. १९७२ मध्ये फॅनरॉफ, केनेल व क्लाउस या अमेरिकी वैद्यांनी मातेच्या भेटींचीच गणना केली. पंधरवड्यात तीनहून कमी भेटी देणाऱ्या मातांच्या मुलांच्या वाट्यास पुढे मारहाण वा परित्याग अधिक प्रमाणात आला, असे त्यांना आढळले. निष्कर्ष उपयुक्त खरा. परंतु भेट म्हणजे माया नव्हे. घरापासूनचे अंतर, गाडीभाडे, घरची इतर मुले, यांचाही त्या आकड्यात वाटा असतो. शोधनिबंधाच्या शीर्षकात माता आहे, पिता नाही, हेही लक्षात घ्यावे.

ब्रॉकिंग्टन व सहकाऱ्यांची २५ विधानांची प्रश्नावली इ. स. २००१ ची. ती मूलतः मातेच्या अपत्याशी असलेल्या नात्यातील विकृती ओळखण्यासाठी रचली गेली. अकालजातांच्या मातांना ती पुढे लावण्यात आली. प्रत्येक विधान आपणांस कितपत लागू पडते, हे मातेने सांगावयाचे. जिने मूल अद्याप कुशीतही घेतलेले नाही, तिने ते कसे सांगावे? मराठीत आईला लळा ‘लागतो’, आणि तो ‘लावणारे’ बहुधा मूलच असते. नळ्यांनी वेढलेल्या मुलास तो लावण्याची संधी कितीशी मिळाली, हे कोणत्याही प्रश्नावलीआधी विचारावयास हवे.

ती संधी कोलंबियातील बोगोता येथे टंचाईने मिळवून दिली. उबपेट्या अपुऱ्या पडत म्हणून इ. स. १९७८ मध्ये एदगार रे याने अर्भकास मातेच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने तिची मार्गदर्शिका इ. स. २००३ मध्ये काढली. या पद्धतीत मातेची जागा पित्यासही घेता येते.