जखमेची साक्ष

इसवी सनापूर्वी ४४ च्या मार्च महिन्यात, सिनेटची बैठक भरत असताना, रोममध्ये ज्यूलियस सीझरचा वध झाला. मारेकरी कोण, याविषयी कोणाच्याच मनात संदेह नव्हता. तरीही अँतिस्तियस नावाच्या एका वैद्याने मृतदेहाची तपासणी केली आणि अंगावरील २३ घावांपैकी छातीवर बसलेला दुसरा घाव तेवढा प्राणघातक होता, असा निर्णय दिला. स्युएटोनियस या चरित्रकाराने ही हकीकत नमूद करून ठेवली आहे. शस्त्रे अनेकांच्या हाती होती; मृत्यू मात्र एका घावाने आला. तो कोणता, हा प्रश्न त्या वैद्याने विचारला आणि आज दोन हजारांहून अधिक वर्षे लोटल्यावरही शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहणारा डॉक्टर तोच प्रश्न विचारतो.

भारतातही या विचाराची परंपरा जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात अकस्मात मेलेल्या माणसाच्या परीक्षेसाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. प्रेताला तेल लावून त्याची पाहणी करावी, असे तेथे सांगितले आहे. गळा दाबून मारलेला, पाण्यात बुडवलेला, विष दिलेला, लाकडाने अथवा दगडाने ठेचलेला, या प्रत्येकाची लक्षणे त्यात निरनिराळी दिली आहेत. चीनमध्ये सोंग त्सी या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये याच विषयावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका खेड्यात एका माणसाचा विळ्याने खून झाला होता. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने गावातील सारे विळे उन्हात मांडून ठेवायला लावले. विळे सगळे स्वच्छच दिसत होते. पण माश्या मात्र एकाच विळ्यावर घोंगावू लागल्या. डोळ्यांना न दिसणारे रक्त माश्यांना कळले आणि विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला.

धारदार शस्त्राची जखम पुष्कळ काही बोलते. सुरा भोसकल्याची जखम रुंदीपेक्षा खोल असते, तर कापल्याची जखम खोलीपेक्षा लांब असते. प्रतिकार करणाऱ्याच्या तळहातांवर आणि हातांच्या बाहेरच्या बाजूस वार झेलल्याच्या खुणा राहतात. स्वतःवर शस्त्र चालवणाऱ्याचा हात बहुधा आधी कचरतो. म्हणून मुख्य जखमेच्या आसपास उथळ, समांतर ओरखडे आढळतात. परंतु युरोपात बंदूक आली आणि वैद्यकापुढे एक नवेच कोडे उभे राहिले. गोळीची जखम लहान, पण परिणाम भयंकर. तेव्हा बंदुकीची दारू विषारी असली पाहिजे, असा समज रूढ झाला. ते विष मारण्यासाठी जखमेत उकळते तेल ओतीत असत. १५३७ च्या सुमारास इटलीतील मोहिमेवर असताना आंब्रवाझ पारे या तरुण फ्रेंच शल्यवैद्यापाशी तेल संपले. निरुपायाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. सकाळी पाहतो तो लेप लावलेले शिपाई शांत पडलेले होते आणि तेलाने भाजलेले वेदनांनी तळमळत होते. १५४५ च्या आपल्या ग्रंथात त्याने हा अनुभव मांडला. जखमेविषयीचे मत पुस्तकावरून बनवायचे नाही, जखम पाहून बनवायचे, हा धडा तेथून पुढच्या न्यायवैद्यकाला मिळाला.

पुढील शतकांत गोळीच्या जखमेची लिपी हळूहळू वाचता येऊ लागली. गोळी शिरते तेथे कातडी आत दबते आणि छिद्राभोवती खरचटल्याचे एक कडे उमटते. गोळी तिरपी आली असेल तर ते कडे एका बाजूस रुंद होते आणि गोळीची दिशा सांगते. नळी अंगाला टेकवून झाडली असेल, तर ज्वाला आणि वायू जखमेच्या आतच शिरतात. कवटीवरची कातडी अशा वेळी चांदणीसारखी फाटते. थोड्या अंतरावरून झाडल्यास कातडीवर काजळी बसते. अंतर त्याहून थोडे वाढले की काजळी राहत नाही, पण न जळालेल्या दारूचे कण गोंदल्यासारखे रुततात. आणखी दूरवरून झाडल्यास केवळ छिद्र आणि भोवतीचे कडे उरते. हाडही बोलते. कवटीत शिरताना गोळी हाडाच्या आतल्या थराचा मोठा तुकडा उडवते आणि बाहेर पडताना बाहेरच्या थराचा. त्यामुळे गोळी कोणत्या बाजूने आली, हे कातडी कुजून गेल्यानंतरही सांगता येते.

जखम वाचून गोळी कशी लागली ते कळे. ती कोणी झाडली ते कळत नसे. १८३५ मध्ये इंग्लंडमधील हेन्री गोडार्ड या तपासनीसाने, घरी ओतलेल्या गोळीवर साच्यातील दोषाची खूण ओळखून एका नोकराचा बनाव उघडकीस आणला. पुढे बंदुकीच्या नळीत आटे पाडण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिच्या अंगावर नळीचे ओरखडे उमटतात. फ्रान्समधील ल्यों येथील अलेक्झांद्र लाकासान्य याने १८८९ मध्ये मृतदेहातून काढलेल्या गोळीवर सात खाचा मोजल्या आणि संशयितांच्या पिस्तुलांपैकी तशाच सात आट्यांचे पिस्तूल शोधून काढले. प्रेतातली गोळी आता पुरावा म्हणून जपून ठेवण्याची वस्तू झाली.

परंतु नवे शास्त्र अर्धवट जाणणाऱ्यांच्या हाती पडले म्हणजे काय होते, याचे उदाहरण लवकरच मिळाले. १९१५ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट शेल्बी या खेड्यात एक वृद्ध शेतकरी व त्याची घरकाम करणारी बाई यांचा गोळ्या घालून खून झाला. चार्ल्स स्टीलो या निरक्षर शेतमजुरावर आळ आला. स्वतःस तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका साक्षीदाराने न्यायालयात शपथेवर सांगितले, की स्टीलोच्या पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाशी नऊ ओरखडे आहेत आणि तेच गोळ्यांवरही उमटले आहेत. ते ओरखडे दुसऱ्या कोणाला दिसत नव्हते; तरी ज्यूरीने तज्ज्ञाच्या शब्दावर विश्वास ठेवला. स्टीलोला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली आणि अगदी अखेरच्या घटकेला ती स्थगित झाली. पुढे गव्हर्नरने फेरतपासणी करवली. त्याच्या पिस्तुलातून चाचणीसाठी गोळ्या झाडून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा सत्य उघड झाले. खुनातील गोळ्यांवर मारेकऱ्याच्या नळीतील एक दोष उमटला होता. स्टीलोच्या नळीत तो दोष नव्हताच. १९१८ मध्ये तो निर्दोष म्हणून घरी गेला.

या तपासात काम केलेल्या चार्ल्स वेट याच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. निरनिराळ्या कारखान्यांतील शस्त्रांची मापे त्याने चिकाटीने गोळा केली आणि १९२५ च्या सुमारास कॅल्विन गोडार्ड, फिलिप ग्रॅव्हेल व जॉन फिशर यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये या कामासाठी एक संस्था उभारली. ग्रॅव्हेल याने दोन सूक्ष्मदर्शक एकाच नेत्रभिंगाशी जोडले. त्यामुळे दोन गोळ्या शेजारीशेजारी ठेवून ओरखडा ओरखड्याशी जुळतो की नाही, हे कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येऊ लागले. १९२९ च्या फेब्रुवारीत शिकागोत सात जणांची हत्या झाली. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा पोशाख होता, म्हणून संशय पोलिसांवरही गेला. गोडार्डने पोलिसांच्या बंदुका तपासून त्यांना निर्दोष ठरवले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सापडलेल्या दोन टॉमसन बंदुका त्या पुंगळ्यांशी व गोळ्यांशी जुळवून दाखवल्या. त्याच सुमारास इजिप्तमध्ये सिडनी स्मिथ हा न्यायवैद्यक हेच काम करीत होता. १९२४ च्या नोव्हेंबरात कैरो येथे सर ली स्टॅक यांचा खून झाला, तेव्हा एका गोळीवरील खुणा आधीच्या राजकीय हत्यांतील गोळ्यांशी जुळतात, हे त्याने ओळखले. पुढे संशयितांकडे सापडलेल्या कोल्ट पिस्तुलाने ते सिद्ध केले.

भारतात या शास्त्राची वाट प्रेताला हात लावण्याविषयीच्या संकोचातून गेली. १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. नॉर्मन चेव्हर्स यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ १८५६ मध्ये आणि जयसिंग मोदी यांचे पाठ्यपुस्तक १९२० मध्ये आले. मोदींचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांच्या व वकिलांच्या टेबलावर राहिले.

मुंबईत १९५९ च्या एप्रिलमध्ये नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांच्या पिस्तुलाने प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. तो खटला देशभर गाजला. आरोपीचे म्हणणे असे, की झटापटीत गोळ्या सुटल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरवले. पण प्रकरण वर गेले, तेव्हा न्यायालयांनी छाती, डावा हात आणि डोके यांवरील जखमांचा बारकाईने विचार केला. १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने झटापटीचा युक्तिवाद नाकारला. वर्तमानपत्रांतील कोलाहलापेक्षा तीन जखमांची भाषा अधिक स्पष्ट ठरली. १९६४ मध्ये नानावटींना क्षमा मिळाली, हा दयेचा भाग झाला.

तथापि जखमेची साक्ष ही साक्षच आहे आणि प्रत्येक साक्षीप्रमाणे तिचीही उलटतपासणी झाली पाहिजे. हातावरील दारूचे कण शोधण्यासाठी एकेकाळी मेणाची चाचणी करीत. खतापासूनही तोच रंग येतो, असे आढळल्यावर ती सोडून द्यावी लागली. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका समितीने अहवाल दिला, की गोळ्यांचे ओरखडे जुळवण्याच्या पद्धतीत चुकीचे प्रमाण किती, याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. भारतात २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करण्यास मुभा दिली. पण खून, आत्महत्या वा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न नसल्यास, त्यातून वगळली. अशा देहावरचा एक दुर्लक्षित ओरखडाही एखाद्याच्या जन्मठेपेस अथवा सुटकेस कारण होऊ शकतो.

मृत माणूस काही सांगू शकत नाही, असे म्हणतात. त्याचा देह सांगतो. परंतु तो सांगतो तेवढेच ऐकावे, त्याहून अधिक त्याच्या तोंडी घालू नये. स्टीलोच्या बाबतीत नऊ ओरखडे गोळीवर नव्हतेच. ते सांगणाऱ्याच्या मनात होते. ते दुसऱ्या कोणाला का दिसत नाहीत, एवढे जरी ज्यूरीने विचारले असते, तरी एका निरपराध माणसाला मृत्यूच्या दारातून परत यावे लागले नसते.