पाणी पुसट, काठ स्पष्ट

नदीचा जुना फोटो हाती आला की आपली नजर आधी पाण्याकडे जाते आणि तिथेच थोडी फसगत होते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या फोटोंत वाहते पाणी सायीसारखे पांढरे किंवा धुक्यासारखे दिसते. लाट नाही, भोवरा नाही, धार नाही. गजबजलेला घाटही कधी कधी ओस पडल्यासारखा वाटतो. नदी तेव्हा खरोखरच इतकी शांत होती का? मुळीच नाही. ही शांतता कॅमेऱ्याची होती.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची पद्धत जाहीर केली आणि पुढची तीसेक वर्षे जगभर तीच चालली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतला की लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. थर वाळला की काच वाया जाई. म्हणून फोटोग्राफरबरोबर तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि हे सारे वाहणारी माणसे असत. धुण्यासाठी स्वच्छ पाणीही भरपूर लागे. नदीकाठी ती एक सोय होती. ज्या नदीचा फोटो काढायचा, तिच्याच पाण्याने काच धुता येई.

अडचण होती ती वेळेची. काचेवर प्रकाश काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ पडू द्यावा लागे. तेवढ्या वेळात पाणी कितीतरी पुढे निघून जाई. त्याच्या सगळ्या हालचाली एकावर एक उमटत आणि शेवटी उरे एक पांढरा पट्टा. चालणारी माणसे तर उमटतच नसत. डुबकी मारणारा नाहीसा होई आणि पायरीवर स्वस्थ बसलेला म्हातारा मात्र टिकून राही. त्याच कारणाने काठावरचे दगड, पायऱ्या, देवळाचा कळस आणि पुलाच्या कमानी मात्र लख्ख उमटत. आग्र्याचे सिव्हिल सर्जन डॉ. जॉन मरे यांनी कागदी निगेटिव्हवर यमुनेपलीकडून ताजमहालाचे फोटो घेतले. त्यांतली यमुना म्हणजे गुळगुळीत फरशी वाटते. उलट काठावरचे बांधकाम मन लावून पाहावे असे आहे.

समुद्राने तर फोटोग्राफरांना आणखी छळले. पाण्याला जेवढा वेळ द्यावा तेवढ्यात आकाश पार पांढरे पडे. १८५७ च्या सुमारास फ्रान्समधल्या सेत बंदराच्या किनाऱ्यावर गुस्ताव ल ग्रे याने त्यावर युक्ती काढली. आकाशाची एक काच, समुद्राची दुसरी, आणि कागदावर दोन्ही क्षितिजरेषेशी जोडून एकच चित्र. लोक थक्क झाले. पण यातून आपण लक्षात ठेवायचे ते एवढेच, की त्या फोटोतले ढग आणि लाट एकाच क्षणाचे असतीलच असे नाही.

आपल्याकडे ही कला लवकर पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रकार होते. १८६३ मध्ये सॅम्युअल बोर्न हा इंग्रज हिंदुस्थानात आला. १८६६ मध्ये काचा, तंबू आणि हमालांचा तांडा घेऊन तो गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत गेला आणि गंगेच्या उगमाचे फोटो घेऊन परतला. त्याला हवे होते देखणे दृश्य. आज ती हिमनदी बरीच मागे सरली आहे आणि तेव्हा बर्फाचे तोंड कुठे होते याचा पुरावा म्हणून त्या फोटोंकडे पाहिले जाते. फोटो ज्या हेतूने काढला त्याहून वेगळ्याच कामी तो पुढे येतो, हे नदीच्या बाबतीत वारंवार घडते.

इंदूर आणि हैदराबाद या आपल्या दोन्ही शहरांना जोडणारे एक नाव इथे घेतलेच पाहिजे. ते म्हणजे राजा दीनदयाळ. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात ते स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीला लागले. कॅमेरा हाती घेतला तो १८७४ मध्ये. पुढे ते हैदराबादला आले आणि निजामाचे फोटोग्राफर झाले. मीही डिप्लोमा करून सरकारी खात्यात नकाशांशी झटापट करणारा माणूस असल्याने मला त्यांच्याविषयी जरा जास्तच आपुलकी वाटते. त्यांच्या इमारतींच्या फोटोंत उभ्या रेषा सरळ असतात, पाया दिसतो, मापाचा अंदाज येतो. नकाशा काढणाऱ्याची नजर लपत नाही.

दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यानंतर तीनच वर्षांनी मुशी नदीने हैदराबादवर घाला घातला. २८ सप्टेंबर १९०८. नवरात्र नुकतेच बसले होते. शमशाबादला चोवीस तासांत जवळजवळ १३ इंच पाऊस कोसळला. शहराच्या वरच्या पाणलोटात ७८८ लहानमोठे तलाव होते. त्यांतले २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर, अशी माळच लागली. अफजलगंजकडचा पूल गेला, चादरघाटचा गेला. १५७८ चा पुराना पूल तेवढा टिकून राहिला. हजारो माणसे वाहून गेली. अफजलगंजच्या चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली असे सांगतात. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आजही दाखवतात.

त्या पुराचे जे फोटो पाहायला मिळतात, त्यांतले बहुतेक पाणी ओसरल्यानंतरचे आहेत. तोवर कॅमेरे वेगवान झाले होते, सेकंदाच्या छोट्याशा भागात फोटो निघत होता. पण ऐन पुरात कॅमेरा लावून उभा कोण राहणार? फोटोंत दिसतात त्या छपरे गेलेल्या भिंती, तुटलेल्या कमानी आणि दगडमातीचे ढीग. पाणी इथेही नाहीच. तरीही पाण्याची सगळी हकीकत त्या भिंतींवर आहे. ओल कुठवर चढली, गाळ कुठवर बसला, कोणत्या उंचीची खिडकी शाबूत राहिली, हे पाहत गेले की पूर किती उंच होता ते समजते.

आमच्या कामात या खुणांना मोठी किंमत असते. पूर ऐन भरात असताना नदी मोजता येत नाही. ती मोजतात नंतर, खुणांवरून. नदीच्या दोन ठिकाणी पाणी किती उंचीपर्यंत चढले ते कळले की पाण्याचा उतार मिळतो. त्या जागी पात्र किती रुंद आणि खोल आहे ते मोजले की प्रवाह काढता येतो. १९०९ मध्ये निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे नावाजलेले. पुराच्या भरात मुशीतून सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट पाणी गेले असे अनुमान त्यांनी मांडले. शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधून पूर अडवावा, ही त्यांची सूचना. त्यातून १९२० मध्ये मुशीवर उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, आणि १९२७ मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर पूर्ण झाला. पुढे आपल्या कित्येक पिढ्या या तलावांचे पाणी प्यायल्या.

यानंतर कॅमेरा आकाशात गेला. १९२४ मध्ये ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाजवळच्या जंगलांची विमानातून पाहणी झाली. दलदल आणि खाड्यांच्या ज्या जाळ्यात माणसाला साखळी टाकून मोजणी करणे महाकठीण, तिथला एकेक फाटा वरून उलगडला. पुढे उपग्रह आले. १९७२ मध्ये अमेरिकेचा लँडसॅट, १९८८ मध्ये आपला आयआरएस १ए. या चित्रांवर काम करणारे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आपल्या बालानगरातच आहे आणि उपग्रहांचे संदेश झेलणारी त्याची तबकडी शादनगरला. गंमत अशी, की डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पाणी शोषून घेते, म्हणून त्या चित्रांत तलाव काळाकुट्ट दिसतो. दीडशे वर्षांपूर्वी पांढरे दिसणारे पाणी आता काळे झाले! आणि पुन्हा कामाला येतो तो काठच, म्हणजे काळा रंग जिथे संपतो ती कड.

पण लँडसॅटलाही १९७२ च्या मागचे दिसत नाही. आपल्या शहरातले अनेक तलाव त्याच्या आधीपासूनच आटत, बुजत आले. तलाव तुडुंब भरल्यावर पाणी जिथवर पोचते त्या रेषेला आमच्याकडे एफटीएल म्हणतात. घर घेताना ही रेषा किती जण पाहतात? ऑक्टोबर २०२० मध्ये एका रात्रीच्या पावसाने काही तलाव फुटले, वस्त्यांत पाणी शिरले, लोक गच्चीवर जाऊन बसले. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. विसरतो आपण, आणि त्या विसरण्याची किंमत बहुधा सर्वांत शेवटी आलेल्या, सर्वांत गरीब कुटुंबाला मोजावी लागते.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांची चौथी-पाचवी पिढी या शहरात आहे. घरातल्या जुन्या अल्बममध्ये गंडीपेटच्या सहलीचा, हुसेनसागरावरच्या विसर्जनाचा, नाहीतर वाड्यामागच्या एखाद्या तलावाचा फोटो नक्की असेल. तो काढा. माणसे ओळखून झाली की त्यांच्या मागे पाहा. पाणी कितव्या पायरीपर्यंत आहे? मागे कोणते देऊळ, मशीद, खडक दिसतो? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जागा, साल, महिना आणि फोटो कुठे उभे राहून काढला हे पेन्सिलने मागे लिहून ठेवा. ते सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

यंदा विसर्जनाला गेलात की बाप्पाचा फोटो घ्यालच. त्याबरोबर आणखी एक घ्या, ज्यात पाण्याची कड आणि न हलणारी एखादी वस्तू, पायरी, खांब किंवा कठडा, एकत्र दिसेल. पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून पुन्हा घ्या. मोबाइलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते, जागेचे नाव तेवढे आपण लिहायचे. दहा वर्षांनी असे दहा फोटो जमले, तर आमच्यासारख्या नकाशावाल्यांना ते फार उपयोगी पडतील.