गॅस संपत नाही, गळतो

उन्हाळा लागला, की घरोघरी एसी सुरू होतात आणि त्यांतील काही खोली गार करीत नाहीत. मेकॅनिक येतो, दाब मोजतो आणि सांगतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतील गॅस मात्र जळत नाही आणि खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. खोलीतील नळ्यांत त्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो हवेतून घेतो. हातावर स्पिरिट चोळल्यावर गार लागते, तसेच हे. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या पेटीत त्याचा पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली उष्णता बाहेर टाकली जाते. अशा फिरत्या पदार्थाला शीतक म्हणतात. शीतक कमी झाले, याचा अर्थ ते कोठून तरी गळले. गळून ते गेले कोठे? हा प्रश्न नीट विचारला जायला बरीच वर्षे जावी लागली.

दोन वाटा

१९२० च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड वापरीत. तिन्ही विषारी. पहिल्या दोघांचा वास इतका उग्र, की गळती लगेच कळे. मेथिल क्लोराइडचा वास सौम्य, त्यामुळे झोपेतली माणसे त्याला बळी पडत. बर्लिनमध्ये अशा गळतीने एक कुटुंब दगावल्याची बातमी आइन्स्टाइन यांच्या वाचनात आली, असे सांगतात. त्यांनी तरुण भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्याबरोबर हलते भाग नसलेला फ्रिज तयार करण्याचे ठरवले. हलता भाग नाही, म्हणजे त्याच्याभोवतीचे सीलही नाही आणि तेथून होणारी गळतीही नाही. १९३० मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले, पण तो फ्रिज बाजारात आला नाही.

दुसरी वाट अमेरिकेतील टॉमस मिजली यांची. गळती होणारच असेल, तर गळणारा वायूच निरुपद्रवी हवा, असा त्यांचा विचार होता. १९२८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन, क्लोरीन व फ्लुओरीन यांचे संयुग निवडले. १९३० साली अटलांटा येथे रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिजली ठणठणीत राहिले. वायू विषारीही नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले.

जगाने ही दुसरी वाट धरली. क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे सीएफसी, फ्रिजमध्ये, मोटारींच्या एसीत आणि फवाऱ्याच्या डब्यांतही आले. खिडकीतल्या एसीत त्यांचाच भाऊबंद आर-२२ स्थिरावला. वास नाही, त्रास नाही, म्हणून गळतीची भीती गेली आणि भीतीबरोबर काळजीही गेली. दुरुस्तीच्या वेळी उरलेला वायू हवेत सोडून देणे ही रोजची पद्धत झाली.

हवेतला हिशेब

इंग्लंडचे जेम्स लव्हलॉक यांनी अत्यल्प वायू ओळखणारे उपकरण बनवले होते. १९७१ मध्ये अंटार्क्टिकाकडे निघालेल्या बोटीवर त्यांनी सीएफसी-११ मोजला. एक लाख कोटी भाग हवेत सुमारे पन्नास भाग, आणि तोही दोन्ही गोलार्धांत! तोवर जगात तयार झालेला हा वायू जवळजवळ सगळाच हवेत शिल्लक असावा, असे यावरून दिसले.

हे ऐकून शेरवुड रोलंड यांना प्रश्न पडला, की याचे पुढे काय होते? १९७४ मध्ये त्यांनी मारिओ मोलिना यांच्यासह उत्तर प्रसिद्ध केले. हा वायू खाली कशानेही मोडत नाही, म्हणून हळूहळू वर चढतो. तेथे अतिनील किरण त्याला फोडतात आणि क्लोरीनचा अणू सुटतो. तो ओझोनचा रेणू मोडतो, पण स्वतः पुन्हा मोकळा होतो. असा एक अणू हजारो रेणूंचा नाश करू शकतो. जो स्थिरपणा घरात गुण ठरला, तोच आकाशात दोष ठरला.

१९८५ मध्ये जोसेफ फार्मन व सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट जाहीर केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २०१० पर्यंत विकसनशील देशांतही सीएफसीचे उत्पादन जवळपास थांबले. अंटार्क्टिकावरील ओझोन थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पुन्हा पहिली वाट

आर-२२ च्या जागी आलेल्या आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,१०० पट उष्णता अडवतो. आर-३२ चा आकडा सुमारे ६७५, प्रोपेनचा अगदी थोडा. मात्र आर-३२ काही प्रमाणात पेट घेतो आणि प्रोपेन तर स्वयंपाकाच्या गॅसचाच घटक. असे वायू कमी करण्याचे २०१६ मध्ये किगाली येथे ठरले. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली.

सर्व दृष्टींनी निर्दोष असे शीतक अजून मिळालेले नाही. म्हणून गळती थांबवणे, ही आइन्स्टाइन-झिलार्ड यांची वाटच पुन्हा धरावी लागते. सायकलची ट्यूब पंक्चर झाली, तर नुसती हवा भरून भागत नाही. ती पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो. एसीचेही तसेच. नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरायचा, सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा, गळती सापडली की बुजवायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओल काढायची आणि मगच वजन करून ठरलेले शीतक भरायचे.

वर्गासाठी एक सोपा प्रकल्प आहे. एसीच्या पेटीवरील पट्टीवर शीतकाचे नाव व वजन छापलेले असते. विद्यार्थ्यांना ते टिपून आणायला सांगावे आणि वरील आकड्याने गुणायला लावावे. ०.८ किलो आर-३२ चे उत्तर येईल ५४० किलो कार्बन डायऑक्साइड. ज्याने हे गणित केले आहे, तो मेकॅनिकला "गॅस कितीला भराल?" याआधी "गळती कोठे आहे?" असे विचारील.