मूलांकुराची दिशा

बी उलटे पेरा वा आडवे, त्यातून प्रथम बाहेर पडणारा मूलांकुर वळून जमिनीतच शिरतो. त्याला ‘खाली’ कोणीकडे हे कसे कळते?

१८०६ साली इंग्लंडमध्ये थॉमस अँड्र्यू नाइट यांनी पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या. वेगाने फिरताना मूलांकुर चाकाच्या बाहेरच्या बाजूस वाढले, अंकुर मध्याकडे. फिरण्याने बाहेर ढकलणारे बल हेच मुळांना ‘खाली’ वाटले. १८८० साली चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी दाखवले, की ही जाणीव मुळाच्या टोकाला होते आणि वळते मात्र त्यामागचा भाग. टोकावरील आवरणाच्या पेशींत तळाशी बसणारे पिष्टकण ही दिशा सांगतात, हे पुढे उलगडले.

मूलांकुराचे लॅटिन नाव ‘रॅडिक्युला’, म्हणजे छोटे मूळ. शिरा व चेतातंतूंच्या मुळासारख्या सूक्ष्म शाखांनाही शरीरशास्त्र याच शब्दाने ओळखते. आपल्या ‘मूल’ शब्दाचा विस्तारही असाच आहे: मुळा, वर्गमूळ, रसायनशास्त्रातील मूलक.

आता हा प्रश्न अवकाशात पोहोचला आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी६० सोबत इस्रोने चवळीच्या ८ बिया पाठवल्या. त्या ४ दिवसांत रुजल्या, पुढे पानेही फुटली. दीर्घ अवकाशप्रवासात सारे अन्न सोबत नेणे शक्य नाही. ते तेथेच पिकवायचे, तर वजनाची जाणीव हरपलेल्या मुळाला ओलावा आणि आधार यांच्याकडे वळवावे लागेल. नाइट यांनी चाकावर विचारलेला प्रश्न म्हणूनच अजून जुना झालेला नाही.