मोकळा पाय

आज जरा माझ्या प्रांताबाहेरचे लिहितो आहे. आयुष्यभर मी इतिहास आणि मराठी शिकवले. इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध रेडिओची बटणे फिरवण्यापुरताच. पण इतिहास प्रत्येक गोष्टीला असतो, आणि ह्या इतिहासात माझी एक चूक अडकलेली आहे.

१९८४ साली शाळेत प्रश्नमंजूषा होती. शेजारच्या डिप्लोमा करणाऱ्या मुलाने हौसेने एक यंत्र करून दिले होते. जो संघ आधी बटण दाबेल त्याचा दिवा लागायचा आणि बाकीची बटणे बंद व्हायची. यंत्र चार संघांचे, आमचे संघ तीन. म्हणून चौथ्याची बटणाची डबी आणि दिवा आम्ही काढून ठेवले. शेवटच्या फेरीत आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मी बटण दाबलं होतं, दिवाच लागला नाही." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "उत्तर येत नसेल तर तसं सांगावं, यंत्रावर ढकलू नये." ती मुकाट्याने खाली बसली.

पुढे बऱ्याच वर्षांनी ही गंमत म्हणून भाच्याला सांगितली. तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, चौथ्याचं इनपुट कुठे जोडलं होतं?"
"कुठेच नाही. मोकळंच होतं."
"मग ती मुलगी खरं बोलत असणार."

तेव्हापासून ह्या मोकळ्या पायांचा इतिहास त्याच्याकडून समजून घेत आलो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६४ साली ५४०० ही चिपांची मालिका आणली. ती लष्करी कामासाठी होती. १९६६ साली तिचीच प्लॅस्टिकमधली स्वस्त भावंडे आली, ७४०० मालिका. ७४०० ह्या चिपेला १४ पाय, पोटात चार गेट, प्रत्येक गेटला दोन इनपुट. काम करताना एखादे गेट उरायचेच. त्याच्या पायांचे काय करायचे? ह्या टीटीएल जातीत इनपुट 'शून्य' करायचे तर त्यातून बाहेर येणारा थोडा प्रवाह कुणीतरी जमिनीकडे ओढावा लागतो. कुणीच ओढला नाही तर चिप त्याला 'एक' समजते. म्हणजे पाय मोकळा सोडला तरी बहुधा चालून जाई. माहितीपुस्तिका सांगत, एक किलोओहमच्या रोधकातून पाच व्होल्टला जोडा. पण चालतंय ना, मग कशाला, अशी सवय अनेकांना लागली.

दरम्यान १९६३ साली फेअरचाइल्डमध्ये फ्रँक वॅनलास यांनी सीमॉस रचना मांडली होती. १९६८ साली आरसीएने तिच्यावर आधारलेली ४००० मालिका बाजारात आणली. हिचे इनपुट काचेच्या थराने अलग केलेले असते, त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. तिला एकूण वीजही फार कमी लागते. पण मोकळ्या पायाला मग आधारच उरत नाही. ट्यूबलाइटच्या तारा, जवळ आलेला हात, जे सापडेल त्याप्रमाणे तो कधी शून्य, कधी एक. मधेच अडकला तर आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून वीज सरळ जमिनीत जाते आणि चिप तापते. १९८० च्या दशकात सीमॉसच्याच ७४एचसी चिपा जुन्या क्रमांकांनिशी आल्या. नाव ओळखीचे, स्वभाव वेगळा. जुनी सवय इथे नडू लागली.

वेग वाढला तसा प्रश्न आणखी नाजूक झाला. झटपट कामाच्या ईसीएल जातीत मोटोरोलाने १९७१ च्या १०के मालिकेत बहुतेक इनपुटांना आतच ५० किलोओहमचा रोधक बसवला. पाय मोकळा राहिला तरी तो शून्यच वाचला जाई. आणखी पुढे काही चिपांमध्ये शेवटची स्थिती धरून ठेवणारी सोय आली. आउटपुट मात्र मोकळे सोडलेले चालते. बोलणाऱ्याचे कुणी ऐकले नाही तरी बिघडत नाही; ऐकणाऱ्याला मात्र कुणीतरी काहीतरी सांगायलाच हवे.

आमच्या यंत्रात सीमॉस चिपा होत्या. चौथ्या संघाचा रोधक त्याच्या बटणाच्या डबीतच होता, तो डबीबरोबर निघाला. मोकळ्या पायाने कधीतरी 'एक' ऐकले, यंत्राला वाटले चौथ्याने बटण दाबले, आणि त्याने बाकीच्यांना कुलूप घातले. दिवा आम्हीच काढलेला, त्यामुळे दिसणार कुणाला? त्या पोराने यंत्र नीटच केले होते, मोडले ते आम्ही.

ती मुलगी आता पन्नाशी ओलांडून गेली असेल. यंत्राचे मला कळत नव्हते, हे खरे. पण तिच्याकडे परत एकदा बटण दाबून बघ म्हणायला यंत्र कळावे लागत नव्हते. शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल आणि ती त्यांना भेटली, तर सर चुकले होते असे तिला जरूर सांगा.