अर्पेजिएटर: तीन पट्ट्या दाबा, पुढची सुरावट कोण ठरवतं?

सिंथेसायझरवर सा, ग, प या तीन पट्ट्या एकत्र दाबल्या की तिन्ही सूर एकदम ऐकू येतात. याला कॉर्ड म्हणतात. पण 'अर्प' किंवा 'अर्पेजिओ' लिहिलेलं बटण सुरू केलं, की तेच सूर एकामागोमाग ठरावीक लयीत वाजू लागतात आणि बोटं उचलेपर्यंत थांबत नाहीत. हे काम करणारी सोय म्हणजे अर्पेजिएटर. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ हार्पसारखं वाजवणं, म्हणजे एकेक तार छेडत जाणं.

रोलँड कंपनीच्या १९७८ सालच्या ज्युपिटर-४ मध्ये ही सोय होती. ड्युरॅन ड्युरॅन या ब्रिटिश बँडच्या 'रिओ' (१९८२) या गाण्यात मागे खळाळत राहणारे सूर याच वाद्याचे आहेत.

सूर तुमचे, क्रम यंत्राचा

अर्पेजिएटर स्वतः एकही सूर निवडत नाही. तो फक्त दाबलेल्या पट्ट्या कोणत्या क्रमाने आणि कधी वाजतील ते सांभाळतो. सिक्वेन्सरचं तसं नसतं, त्यात सुरावट आधी भरून ठेवावी लागते. अर्पेजिएटर त्या क्षणी दाबलेल्या पट्ट्या बघतो. त्यामुळे वाजवता वाजवता कॉर्ड बदलली, की नक्षी तीच राहते आणि सूर बदलतात.

नेहमी आढळणारे क्रम असे:

- अप: सा ग प, सा ग प (खालून वर)
- डाउन: प ग सा, प ग सा (वरून खाली)
- अप-डाउन: वर जाऊन परत खाली
- रँडम: कोणताही सूर कधीही
- ॲज प्लेड: पट्ट्या ज्या क्रमाने दाबल्या, त्याच क्रमाने

'रेंज' वाढवली की हीच नक्षी पुढच्या सप्तकातही जाते. दोन सप्तकं निवडली तर तीन सुरांचे सहा होतात.

नक्षी तालातून निसटते कुठे?

नवशिक्यांची गडबड बहुधा इथे होते. बहुतेक गाण्यांत एका बारमध्ये ४ बीट असतात. प्रत्येक बीटचे ४ भाग केले की सुरांसाठी १६ जागा मिळतात. सा-ग-पचे पाच फेरे झाले की १५ जागा भरतात आणि एक उरते. त्या जागेवर सा वाजतो आणि पुढचा बार 'ग'ने सुरू होतो. तिसरा बार 'प'वर, आणि चौथ्या बारच्या सुरुवातीला पुन्हा 'सा'. तबल्याच्या भाषेत सांगायचं, तर तीनतालाची तीन आवर्तनं झाल्यावरच सा पुन्हा समेवर येतो.

हे घसरणं हवं असेल तर छान वाटतं. नको असेल तर चौथा सूर घ्या. सा-ग-प-नि हा चारचा फेरा १६ मध्ये चपखल बसतो, आणि दोन सप्तकांत आठ सूर झाले तरी बसतो. अप-डाउनमध्ये मात्र आधी कान देऊन ऐका. काही वाद्यं टोकाचे सूर एकदाच वाजवतात: सा ग प ग, म्हणजे चार. काही ते दोनदा वाजवतात: सा ग प प ग सा, म्हणजे सहा. चारचा हिशेब जुळतो, सहाचा पुन्हा घसरतो.

वेग, लांबी आणि रिकाम्या जागा

मिनिटाला १२० बीटच्या वेगाने, प्रत्येक बीटचे ४ भाग केले, तर सेकंदाला ८ सूर वाजतात. 'गेट' प्रत्येक सुराची लांबी ठरवतो: कमी ठेवला तर सूर तुटक टपटपतात, वाढवला तर एकमेकांना चिकटून वाहतात. 'स्विंग' दर दुसरा सूर किंचित उशिरा आणतो. 'होल्ड' किंवा 'लॅच' चालू असेल, तर बोटं उचलल्यावरही नक्षी सुरू राहते आणि हात दुसऱ्या कामाला मोकळा होतो.

अनेक नव्या वाद्यांत प्रत्येक जागा स्वतंत्रपणे ठरवता येते: इथे सूर, इथे शांतता, इथे जोर. सोळाही जागा भरल्या तर शिवणयंत्रासारखी घरघर ऐकू येते. त्यातल्या तीन-चार जागा रिकाम्या ठेवल्या, की त्याच तीन सुरांतून ठेका उभा राहतो. म्हणून नवी नक्षी बनवताना आधी सूर मोजावेत, मग क्रम निवडावा, आणि शेवटी कोणते सूर गाळायचे ते ठरवावं.